जिंकलेला घोडा नंतर कुठे गेला?

मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी 'टॅक्सच्या ऑफिसात' होते असा समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही. सासरी 'प्रेसमध्ये आहे' एवढंच सांगितलेलं, आणि ते काही खोटं नव्हतं. मुंबईच्या आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचं एक पुस्तक दर आठवड्याला निघायचं. जाड कागदाचं कव्हर, आत मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. त्यातलं 'ट्रेनरचं पान' माझं होतं. वीसेक वर्षं मी ते लिहिलं. पानावर नाव कधी आलं नाही. मी तशी अटच घातली होती.

मी स्वतः कधी पैसे लावले नाहीत. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. ज्यांना आकडे खरोखर कळतात त्यांना लावायचा धीर होत नाही, एवढंच.

मी तिथे गेले ती प्रुफं तपासायला. गिरगावातली भाड्याची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा मुलगी लहान होती आणि घरी बसून करता येईल असं काम मला हवं होतं. हसमुखभाई त्या पुस्तकाचे मालक, संपादक आणि प्रसंगी शिपाईसुद्धा. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "तुमच्या या कोष्टकाची बेरीज चुकली आहे." त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बेन, तमे शुं भण्या?" संख्याशास्त्र, म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "मग प्रूफ कशाला वाचता? तुम्ही आकडेच करा ना."

रेस न पाहिलेल्या माणसाला वाटतं, जो घोडा जोरात पळतो तो जिंकतो. तसं असतं तर माझ्या कामाची गरजच नव्हती. जो घोडा जास्त जिंकतो त्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात. जॉकी हलका असला तर खोगिराच्या खिशात शिशाच्या पट्ट्या घालतात. याला हँडिकॅप म्हणतात. हेतू असा की चांगला घोडा, मध्यम घोडा, सगळे जवळपास एकदमच पोचावेत. मग नुसता चांगला घोडा ओळखून काय मिळणार? तो तर सगळ्यांनाच दिसत असतो.

मग उरतो ट्रेनर. जॉकी त्या दिवशी चढतो आणि उतरतो. घोड्याला विश्रांती कधी द्यायची, परत कधी उतरवायचं, किती अंतराला, कुठल्या वर्गात आणि पाठीवर कोणाला बसवायचं, हे सगळं ट्रेनर ठरवतो. आणि माणूस म्हटला की त्याला सवयी असतात. माझ्या आईच्या पहिल्या दोन पुरणपोळ्या हमखास फाटायच्या, मग हात बसायचा. मावशीची पहिलीच पोळी अशी उतरायची की बघत राहावं, पण दहाव्या पोळीला ती कंटाळलेली असायची. ट्रेनर लोकांचं अगदी तसंच. एकाचे घोडे विश्रांतीनंतर पहिल्या दोन शर्यतींत नुसते अंग मोकळं करतात आणि तिसरीला जिंकतात. दुसऱ्याचे जिंकले तर पहिल्यांदाच, नंतर नाही. एक जण नवखा जॉकी उतरवून अनुभवी बसवतो तेव्हाच मनावर घेतो. या सवयी मोजायच्या हे माझं काम. यात धोका एकच. तीनदा तसं घडलं म्हणजे सवय नव्हे. लोकांना तीन पुरेसे वाटतात. मी तीसही कमी म्हणायचे, आणि हसमुखभाई डोक्याला हात लावायचे.

वाचक एकेक नग असत. भाईंदरचे एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला फोन करून फक्त दशांशचिन्हाच्या चुका सांगायचे. आयुष्यात कधी रेसकोर्सवर गेले नव्हते. एका गृहस्थांना ट्रेनरच्या राशीप्रमाणे कोष्टक हवं होतं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः करून पाठवलं आणि कहर म्हणजे ते फारच नीटनेटकं होतं.

एकदा एका बाईंचा फोन आला. आवाजावरून पस्तिशीच्या असतील. म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात असं लिहून येईल का, की या रविवारी काहीच सांगता येत नाही, कोणीच लावू नका? माझे मिस्टर तुमचंच पान वाचतात." मी म्हटलं, "मी दर वेळी तेच लिहिते हो, बारीक अक्षरात." त्या म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिहा ना." मी हसमुखभाईंना विचारलं. त्यांनी चहा मागवला. त्या बाईंचा परत फोन आला नाही. त्यांचं पुढे काय झालं, कोण जाणे.

पण मला सांगायचंय ते दुसरंच.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पालीची फिलोमिना मासे घेऊन बसायची. पाली म्हणजे उत्तनच्या बाजूचं समुद्रावरचं गाव, तिथून ती रिक्षानं टोपल्या आणायची. माझ्याच वयाची. मासे निवडताना मी हातातलं रेसचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यावरचा घोडा तिनं ओळखला, तिथून आमची ओळख वाढली.

"बाय, तू हा वाचतंस? माजा पोर घोड्यावर बसतो."

तिचा मेल्विन जॉकी होता. कोळ्याचा मुलगा आणि अंगापिंडानं इतका बारीक की बोटीवर त्याच्या मामांनी त्याला कधी जाळं ओढू दिलं नाही. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा एक घोडेवाला होता, त्याच्या घोड्यांना आंघोळ घालता घालता हा बसायला शिकला. मग कोणीतरी त्याला रेसकोर्सच्या तबेल्यात नेलं. माझी ओळख झाली तेव्हा तो तिशीकडे झुकला होता, पण मोठा जॉकी झाला नव्हता. पहाटे दुसऱ्यांचे घोडे पळवून सराव द्यायचा आणि शर्यतीत मिळाला तर शेवटून दुसरा-तिसरा असा एखादा घोडा. शनिवारी फिलोमिना मला विचारायची, "उद्या बसतो म्हणाला. तो घोडा कसा हाय?" मी पाहून सांगायचे, "घोडा ठीक आहे. जिंकणार नाही, पण साधा आहे." तिला जिंकण्याचं काहीच नव्हतं. "पाडनारा न्हाय ना?" एवढंच हवं असायचं.

त्याच सुमारास एका ट्रेनरचं नाव माझ्या पानामुळे गाजलं. नाव लिहीत नाही. आमच्या ऑफिसात त्याला 'डॉक्टर' म्हणत, कारण मोडलेले घोडे तो उभे करायचा. दुसऱ्यांनी सोडून दिलेला, पायात बिघाड असलेला घोडा तो घ्यायचा, कित्येक महिने विश्रांती द्यायचा आणि मग उतरवायचा. आणि तो घोडा जिंकायचा. इतर ट्रेनरांचे घोडे लांब विश्रांतीनंतर अडखळत येत, याचे ताजेतवाने येत. मी मोजलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. परत मोजलं. 'लांब विश्रांतीनंतर' असं एक वेगळं कोष्टकच आम्ही सुरू केलं आणि त्यात सगळ्यात वर डॉक्टर. पुस्तक वाटेत उघडून लोक आधी ते कोष्टक बघायचे. डॉक्टरकडे नवे घोडेमालक येऊ लागले. एकदा तर त्यानं हसमुखभाईंकडे मिठाई पाठवली.

नंतर कधीतरी वार्षिक अंकासाठी मी त्या कोष्टकाला आणखी एक रकाना जोडायला घेतला. जिंकल्यानंतर त्या घोड्यानं पुढे काय केलं? साधी उत्सुकता होती. लॅपटॉपवर एकेक नाव टाकत गेले. एक शर्यत जिंकली. दुसरीत दुसरा आला. पुढे काही नाही. दुसरं नाव. जिंकला, जिंकला, पुढे काही नाही. मला वाटलं माझ्याकडून नोंदी सुटल्या. घोडे विकले जातात, दुसऱ्या शहरांत पळतात, म्हणून मी बंगलोर, हैदराबाद, कलकत्त्याच्या शर्यतींच्या याद्या, म्हणजे कार्डं, तपासली. दोन-तीन नावं सापडली. बाकीची कुठेच नव्हती.

आकडा 'का' सांगत नाही. म्हणून मी एका वयस्कर, निवृत्त जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "यात बेकायदेशीर काही नाही, बाई. पायाची शीर दुखावली की विश्रांतीनं सूज उतरते. घोडा ताजा दिसतो, त्याला स्वतःलाही बरं वाटतं. पण आतला धागा तुटलेलाच असतो. एक शर्यत निघते. कधी दोन. चांगला ट्रेनर असेल तर तिथे थांबतो, चरायला सोडून देतो."

"आणि नाही थांबला तर?"

"तर पळता पळता पाय मोडतो, आणि तुमचा रकाना रिकामा राहतो."

मी तो रकाना हसमुखभाईंपुढे ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला, नाही असं नाही. चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "सुधाबेन, पैसा लगानेवाला पंटर पूछता है घोडा जीतेगा के नहीं. बाद में कुठे गेला, ते कोणी विचारत नाही."

"मी विचारतेय ना."

"तुम्ही विचारा. छापणार कोण?" त्यांचा आवाज चढला नाही. "आपलं पुस्तक आधीच मोबाइलनं खाल्लंय. सगळे आकडे फुकट मिळतात लोकांना. आता ट्रेनर लोकांनी पण आपल्याला दारात उभं केलं नाही, तर मी काय करू?"

त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण तो रकाना छापला गेला नाही.

त्यानंतरच्या थंडीत फिलोमिना एका शनिवारी नेहमीच्या जागी नव्हती. ती थेट आमच्या दारात आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी पापलेटं.

"पैशे न्हाय घेणार," ती म्हणाली. "माज्या पोराला मोठा घोडा भेटला. फेवरेट हाय म्हनतात सगले. ट्रेनरनं सोता बोलावलान."

"कुठला ट्रेनर?"

तिनं डॉक्टरचं नाव सांगितलं.

घोडीचं नाव नूरबानू. मला कार्ड बघायची गरज नव्हती. लांब विश्रांतीनंतर आलेली, पहिली शर्यत जिंकलेली, दुसरीत दुसरी आलेली, आणि आता तिसरी. तिच्यावर नेहमी बसणारा मोठा जॉकी या वेळी आजारी आहे असं जाहीर झालं होतं. वीस वर्षं मी लोकांना सांगत होते की जॉकी बदलला की कारण शोधा. कारण समोर दारात उभं होतं, पापलेट घेऊन.

"फिलोमिना, बस जरा," मी म्हटलं. आणि मग तिला जेवढं सोपं करता येईल तेवढं सोपं करून सांगितलं. त्याआधी खरं सांगू का न सांगू असा विचार माझ्या मनात आला, तेव्हा ती दर शनिवारी विचारायची तो एकच प्रश्न आठवला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्याला तू सांगशील? माजा न्हाय ऐकायचा."

दुपारी मेल्विन आला. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या, सोफ्याच्या अगदी कडेला बसला. मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. तो रिकामा रकाना बघत नव्हता, नावं वाचत होता.

"हा मला माहितीय, आंटी. ह्याला गूळ आवडायचा. खिशात तोंड घालायचा." मग खालचं नाव. "ही चावायची. पण मला नाही चावली कधी."

"मग तुला माहीत आहे."

"सगळ्यांना माहितीय. पहाटे जे घोड्यावर बसतात त्यांना पायाखालून कळतं ना. नूरबानू डावा पुढचा पाय आखडता टाकते. जरासा. चालताना नाही दिसत, पळायला लागली की जाणवतो."

"मग बसू नकोस."

तो हसला, पण ओशाळल्यासारखा. "आंटी, मी नाही म्हटलं तर उद्या तिच्यावर दुसरा कोणीतरी बसणार. एखादा नवीन पोरगा, ज्याला काही कळत नाही, तो चाबूक मारणार. घोडी काय रिकामी नाही राहणार. आणि मला परत कोण बोलावेल? दहा वर्षांत पहिल्यांदा फेवरेट मिळतोय."

"आणि तिचा पाय गेला तर? तू तिच्यावर असशील, मागे बाकीचे घोडे असतील."

"मला तिचा पाय कळतो," तो म्हणाला. "गेला असं वाटलं, तर थांबवीन."

"जिंकत असताना?"

त्यानं लॅपटॉप परत माझ्याकडे फिरवला. "तेव्हाच थांबवावं लागतं ना."

रविवारी मी मोबाइलवर शर्यत पाहिली. फिलोमिना आमच्याकडे येऊन बसली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. नूरबानू पहिल्यापासून तिसरी-चौथी. वळणावर ती बाहेरून पुढे आली, आणि सरळ रस्ता लागला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होती. कॉमेंट्री करणारा माणूस तिचं नाव ओरडत होता. मग अचानक मेल्विन खोगिरावर उभा राहिला. दोन्ही हात मागे, लगाम छातीशी. घोडी मान वर करून झगडली, तिरकी झाली आणि कडेला सरकली. बाकीचे घोडे बाजूनं निघून गेले. कॅमेरा त्यांच्यामागे गेला, शर्यत संपल्यावर क्षणभर परत मेल्विनवर आला.

"काय झाला?" फिलोमिनानं विचारलं.

"थांबवली," मी म्हटलं. "तो खाली उतरलाय. उभा आहे."

ती तशीच जमिनीवर बसली आणि कपाळावरून, छातीवरून क्रूसाची खूण केली.

घोडी वाचली. पायाची शीर फाटली होती पण हाड शाबूत होतं. पुढे आणखी थोडं पळाली असती तर सगळंच संपलं असतं, असं तपासणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. चौकशी झाली, मेल्विनला दोष लागला नाही. पण हे सगळं नंतर. त्या दिवशी तो खोगीर खांद्यावर घेऊन परत येत असताना लोकांनी कठड्यावरून त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या फेकल्या. आईबहिणीवरून शिव्या दिल्या. सगळ्यांनी पैसे लावलेला फेवरेट यानं पैसे खाऊन विकला म्हणाले. त्याचा व्हिडिओ त्याच संध्याकाळी मोबाइलांवर फिरत होता. तपासणीचा अहवाल कोणी फिरवला नाही.

डॉक्टर ट्रेनर त्याला एवढंच म्हणाला, "तू घाबरलास." बाकीच्यांनी तेवढंही म्हटलं नाही. चौकशीत सुटला असला तरी 'पुढे असलेली घोडी थांबवणारा' हा शिक्का बसला. मालक लोक म्हणत, आमच्या घोड्यावर तो नको. आधी त्याला शर्यतीत घोडे मिळायचे बंद झाले. मग पहाटेचं कामही कमी होत गेलं. तरी तो रोज जायचा. फिलोमिना सांगायची, "पाटे उटून जातो, नुसता हुबा ऱ्हातो, परत येतो." पावसाळ्यात शर्यती पुण्याला गेल्या, तो गेला नाही. मामाच्या बोटीवर जाऊ लागला. आता बोटीवर यंत्रानं जाळं ओढतात, बारीक माणूस चालतो.

पुढच्या हंगामात कधीतरी मी लॅपटॉप उघडला आणि कार्डावर नूरबानूचं नाव पाहिलं. लांब विश्रांतीनंतर, पहिली शर्यत. ट्रेनर तोच. माझं कोष्टक उघडलं की पहिलीच ओळ तीच येणार होती. आकडा तिच्याच बाजूनं होता.

मी हसमुखभाईंना लिहून पाठवलं: 'या घोडीचा मागच्या वेळी पाय गेला होता. तिच्याबद्दल माझ्याकडे आकडा नाही.' छापून आलं तेव्हा ती दोन वाक्यं नव्हती. नुसतं कोष्टक होतं. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तिला तपासून पास केली आहे, सुधाबेन. पास झालेल्या घोडीबद्दल आपण असं कसं लिहायचं?" खरंच होतं. चालताना तिचा पाय दिसत नव्हताच.

मी ती शर्यत पाहणार नव्हते. पाहिली. त्याच वळणानंतर ती पुढे आली. वरचा जॉकी नवा मुलगा होता, चाबूक डाव्या हातातून उजव्यात घेत होता. आणि मग ती पडली. मुलगा रेलिंगवर आपटला. त्याचं गळ्याचं हाड आणि मनगट मोडलं, पुढे तो बरा झाला. घोडीभोवती हिरवा पडदा धरला. पाय मोडलेल्या घोड्याला त्या पडद्याआड शेवटचं इंजेक्शन देतात.

मी पान लिहायचं थांबवलं. हसमुखभाईंनी विनवण्या केल्या नाहीत. "तुमच्यासारखे आकडे कोणी केले नाहीत," एवढंच म्हणाले, आणि मग जरा वेळानं, "तो रकाना छापायला पाहिजे होता." वर्षभरानं त्यांनी पुस्तकही बंद केलं. डॉक्टरकडे अजून घोडे येतात, असं ऐकते. अडचण ही आहे की माझा आकडा खोटा नव्हता. त्याला जेवढं विचारलं होतं तेवढंच त्यानं सांगितलं, आणि लोकांनी तेवढंच ऐकलं.

नूरबानू पडली त्या रविवारनंतर फिलोमिना बरेच दिवस कोपऱ्यावर दिसली नाही. शेवटी मीच पालीला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अरुंद गल्ल्या, दर दोन पावलांवर आडवी लावलेली स्कूटर, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. तिच्या गुडघ्याला सूज होती म्हणून ती येत नव्हती. मला बघून तिनं खुर्ची पुसली.

मेल्विन मागच्या अंगणात जाळं पसरून बसला होता. हातांची कातडी मिठानं फाटलेली. मी शेजारी बसले. जाळ्याची एक कड हातात धरली. मग म्हटलं, "तू पाहिलीस का शर्यत?"

"बोटीवर होतो. किनाऱ्याला रेंज आली तेव्हा कळलं." तो जाळ्यातली एक तुटकी गाठ सोडवत होता. "तो पोरगा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"त्याची चूक नाही, आंटी. त्याला पाय कळला नसेल. नवीन आहे."

मी म्हटलं, "तू तिला वाचवलं होतंस. त्याचा काही उपयोग झाला नाही याचं मला फार वाटतं."

त्यानं गाठ सोडवली, दात लावून सुताचं टोक तोडलं. मग जाळं मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही थांबवली तिला," तो म्हणाला. "माझं वजन केवढं, तिचं केवढं! तिला पुढे जायचंच असतं तर मला घेऊन गेली असती. जन्मल्यापासून त्यांना पळायलाच शिकवतात ना, पाय तुटला तरी पळत राहतात. पण मी लगाम ओढला, म्हटलं, बस गं, आणि तिनं ऐकलं. सगळ्यांच्या पुढे होती, तरी ऐकलं." त्यानं परत जाळं उचललं. "या वेळी तिला कोणी बस म्हटलंच नाही."